मागच्या चाकाचा नट

२ नोव्हेंबर, रविवार
मोटरसायकलचा पुढचा टायर बदलला. स्वतः. घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. सुरुवात १०.१०, शेवट १.००. दोन तास पन्नास मिनिटं, त्यातून चहाची वीस वजा करायला हवीत. रिमवर एकही ओरखडा नाही. बागेचा पाइप उभा चिरून त्याचे तुकडे रिमच्या कडेला बसवले होते, टायर काढायच्या लोखंडी पट्टीचा रिमला स्पर्शच होत नाही. ही युक्ती कुठल्या व्हिडिओत नाही. माझी.

चाक घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तर आत चौथ्या मजल्यावरचे चड्ढा. "सामंत साहब, दुकान खोल ली क्या?" म्हटलं, "फिलहाल सिर्फ अपने लिए।" "तो नीचे यासीन किसलिए बैठा है?"

यासीनकडे मी जात नाही, दोन वर्षं झाली. त्याने मागचा टायर आणि ट्यूब घातली आणि चौदाव्या दिवशी, दिवाळीची खरेदी करून सरोजिनी नगरहून परत येताना, फ्लायओव्हरच्या उतारावर हवा एका क्षणात गेली. माझं गुडघ्यावर निभावलं. माधवीचं डावं मनगट. प्लेट, सहा स्क्रू. त्या दिवसानंतर ती गाडीवर बसलेली नाही. मीही ठरवलं, माझ्या चाकाला दुसऱ्याचा हात नाही. तेव्हापासून व्हिडिओ, मॅन्युअल (दोनदा, पहिल्या पानापासून), भंगारातून आणलेल्या रिमवर सराव.

दुपारी माधवी बाल्कनीत आली. एका बोटाने चाक फिरवलं. डगमग नाही. "छान झालंय." मग, "मी बसणार नाही हं. आधीच सांगते."

संक्रांतीला दहा आठवडे आहेत.

५ नोव्हेंबर, बुध
पुढची हवा. रवि २२, सोम २२, मंगळ २२, आज २२. गेज स्वतःचा. पंपावरच्या यंत्रावर विश्वास नाही.
माधवी : "बाळाचा ताप बघावा तसं बघतोस."

९ नोव्हेंबर, रवि
इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. संक्रांतीला काला अंब, पानिपतच्या लढाईचं स्मारक. नेहमीप्रमाणे बस. आम्ही दोघं अकरा वर्षं पानिपतला गाडीवरून गेलो. एकदा सोडून प्रत्येक वेळी बसच्या आधी पोचलो. गेल्या दोन वर्षी ती बसमध्ये आणि मी बसच्या मागे, सगळा हायवे तिच्या डोक्याची मागची बाजू बघत. यंदा तसं नको. मागचा टायर अगदीच गुळगुळीत झालाय, तोही मीच घालणार, आणि ती मागे बसणार. हे मीटिंगमध्ये बोललो नाही. इथे लिहितो.

संध्याकाळी चड्ढांनी बेल वाजवली. त्यांच्या स्कूटरला पंक्चर. पंचवीस मिनिटांत करून दिलं. "यार सामंत जी, हाथ में सफाई है।" मागाहून वाटीभर गाजर हलवा आला. अर्धा माधवीने खाल्ला, माझ्या कष्टाचा.

१६ नोव्हेंबर, रवि
मागचं चाक म्हणजे वेगळं प्रकरण. चेन, ब्रेकचा रॉड, एक्सल, डावीकडचा स्पेसर. काढलेली प्रत्येक वस्तू ताटात, काढली त्या क्रमाने, घड्याळाच्या दिशेने. उलट फिरत गेलं की बरोबर बसतं. माधवी : "ते माझं ताट आहे." धुऊन ठेवलं. दोनदा.

जुना टायर निघता निघेना. कड रिमला चिकटलेली. सुताराचा शिकंजा लावून इंच इंच दाबत सोडवली. नवा टायर सकाळीच गच्चीवर उन्हात ठेवला होता, मऊ व्हावा म्हणून. पण ऊन कसलं, धुरकं. मास्क लावून काम.

लोकांचं चुकतं ते इथे : पट्टी जिथे लावतो तिच्या समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. गुडघ्याने. मग जोर लागत नाही. जोर लागला म्हणजे काहीतरी चुकतंय. हे मला माहीत आहे. तरी शेवटची चार बोटं कड उरली असताना जोर लावला. चड्ढा वरून वाकून बघत होते म्हणून नाही. थकलो होतो म्हणून.

हवा भरली. फुस्स.

ट्यूब काढून बादलीत घातली. पट्टीखाली चेपलेली. अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन चिरा, शेजारी शेजारी, चावल्यासारख्या. नवी कोरी ट्यूब. वहीत चित्र काढून ठेवलं, मापासकट.

पण यातून एक कल्पना सुचली. दोन वर्षांपूर्वीची ती ट्यूब मी माळ्यावर जपून ठेवली आहे. तिच्यावरही हाच चावा असणार. दोन्ही ट्यूब माधवीसमोर शेजारी ठेवायच्या : ही त्याची चूक, ही माझी. मी माझी बादलीत पकडली, त्याने त्याची न बघता रस्त्यावर पाठवली. फरक तिला दिसेल.

१८ नोव्हेंबर, मंगळ
ऑफिसातून आल्यावर माळ्यावरून ट्यूब काढली. पिशवीवर माझ्याच अक्षरात तारीख आणि 'पुरावा'.

टॉर्चखाली इंच इंच ताणून पाहिली. चावा नाही. उलट बाजूने पाहिली. नाही. तिसऱ्यांदा, भिंग घेऊन.
व्हॉल्व्हच्या बुडाशी मात्र रबर तीन बाजूंनी फाटलंय. एकाच दिशेला ओढल्यासारखं.
माधवीला दाखवली नाही.

२२ नोव्हेंबर, शनि
समजलं. मॅन्युअलमध्ये दोन ओळी आहेत, मी दोन्ही वेळा वाचूनही त्यांच्यावरून पुढे गेलो होतो.

ब्रेक लागला की टायर रिमवर केसभर सरकतो, ट्यूबही त्याच्याबरोबर. हवा कमी असेल तर जास्त. व्हॉल्व्ह मोकळा असला तर तो तिरका होतो. ते दिसतं, माणूस थांबून सरळ करतो. म्हणून व्हॉल्व्हवरचा तो छोटा नट रिमला आवळायचा नसतो, वर टोपीपाशी सोडायचा असतो. आवळला तर व्हॉल्व्ह बाहेरून ताठ उभा, आणि आत बुडाशी रोज थोडं थोडं फाटत राहतं. मग एक दिवस

जुनी रोजनिशी काढली. आठवत होतं असं नाही. हात गेला. २२ ऑक्टोबर, अपघाताच्या चौदा दिवस आधी :

"मागचा टायर यासीनकडून. काम ठीक. पण व्हॉल्व्हचा नट टोपीपर्यंत ढिला सोडलेला! एवढी साधी गोष्ट कळू नये. घरी येऊन बाराच्या पान्याने आवळला. आता व्हॉल्व्ह कसा काटकोनात."

उद्गारचिन्हासकट.

२३ नोव्हेंबर, रवि
चाक बाल्कनीत तसंच. चादर टाकली. माधवी : "आज सुट्टी का मेकॅनिकला?" म्हटलं, ट्यूब यायची आहे. ट्यूब आलेली होती.

३० नोव्हेंबर, रवि
मागचं चाक पूर्ण. एक तास पाच मिनिटं. ट्यूबला टाल्कम पावडर, कडेला साबणाचं पाणी, टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर, बाण फिरण्याच्या दिशेला. शेवटची चार बोटं नुसत्या तळव्याने आत गेली, पट्टी न लावता. हा आवाज, रबर रिमवर बसतानाचा, दोन वेळा, टप् टप्. तो ऐकायला तरी कोणीतरी असायला हवं होतं.

हवा ३२. नट टोपीपाशी, पुढच्या चाकाचाही. दोनदा पाहिला. अवघड काम हातात बसलंय, हे कबूल करायला हरकत नाही. ज्या कामाने हे कळलं त्याच कामाने ते दुसरंही कळलं.

७ डिसेंबर, रवि
मंडळात बसची यादी. जोशी वहिनींनी माधवीचं नाव लिहायला घेतलं. ती म्हणाली, "थांबा जरा. यंदा बघतेय." वहिनी : "अच्छा! गाडीवरून?" "आमच्याकडे चाकं घरीच होतात आता." सगळ्यांसमोर बोलली, माझ्याकडे न बघता. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे वाक्य.

परतताना मेट्रोत : "यासीनसारखं नाही ना होणार?"
मी म्हटलं, "नाही."
हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

१४ डिसेंबर, रवि
यासीनकडे गेलो. दुकान म्हणजे कडुलिंबाखाली कॉम्प्रेसर, पाण्याचा टब, एक बाक. दोन वर्षांत दाढी पांढरी झालीय. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आइए साहब। पंक्चर?"
"नहीं।" पिशवीतून ट्यूब काढून दिली.
त्याने व्हॉल्व्ह बोटांत धरून वळवला. दोन सेकंद. मला चार दिवस लागले होते. "नट कसा हुआ था।"
"तुम्हें कैसे पता?"
"उसी दिन पता था। आप गाड़ी टेम्पो में लाए थे ना, चिल्लाने। मैंने देख लिया था, नट नीचे तक कसा है। मैं तो कसता ही नहीं।"
"तो बोले क्यों नहीं?"
"मैडम अस्पताल में थीं साहब। उस टाइम आपसे नट की बहस करता?"

माफी मागितली. हिंदीत. मराठीत जास्त वेळ लागला असता. त्याने ओला हात झटकला, "छोड़िए", आणि चहा सांगितला. त्या दिवशी मी इथे काय काय बोललो होतो ते त्याने काढलं नाही. आजूबाजूच्या दोन दुकानदारांसमोर बोललो होतो. ते दोघेही आज होते, आपापल्या कामात.

चहा पिताना तो मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला. बोट पुढे केलं. माझ्या तोंडून निघालंच, "हाथ मत लगाना।" तो हसला, दोन्ही हात पाठीमागे बांधले, "अच्छा जी, सिर्फ आँख," आणि तसाच वाकून बघत राहिला.
"किसने डाला?"
"मैंने।"
"सीखा किससे?"
"किसी से नहीं।"
"रिम पे एक निशान नहीं है। मुझसे तो लग जाता है कभी-कभी।"
तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाचं वाक्य. शब्दशः लिहून ठेवलं आहे.

निघताना म्हणाला, "मैडम को बता दिया?" मी किक मारली.

२१ डिसेंबर, रवि
माधवी मागे बसली.
मी काही म्हटलं नव्हतं. भाजी आणायला खाली आली होती, मी गाडी पुसत होतो. "चल, सोसायटीतली एक फेरी." हेल्मेट घातलं, उजव्या हाताने माझं जॅकेट पकडलं, डावा हात मांडीवर. ताशी पंधराच्या वर गेलो नाही. दुसऱ्या फेरीला ती मागे टेकून बसली. डावा हातही आला, खांद्यावर. चड्ढांनी वरून टाळ्या वाजवल्या, "ओये होये!"
तिसरी फेरी मीच घेतली नाही. पेट्रोल कमी आहे म्हटलं. टाकी अर्धी होती.

२८ डिसेंबर, रवि
हवा पुढे २२, मागे ३२. चेन सैल होती, नीट केली. एक्सलचा नट आवळून त्यावर आणि एक्सलवर मिळून माधवीच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढली. नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. गाडीत आता संशयाला जागा नाही.
आज सांगायचं ठरवलं होतं. पुण्याहून तिच्या बहिणीचा फोन आला, तासभर चालला. त्यात माधवीने सांगितलं, "संक्रांतीला आम्ही गाडीवरून जातोय." मग नाही जमलं.

४ जानेवारी, रवि
सांगितलं.
जेवणाच्या टेबलावर ट्यूब आणि जुनी वही. ती म्हणाली, "टेबलावर?" मग वाचलं. ती ओळ. नट म्हणजे काय ते मी समजावून सांगायला लागलो, तिने हात वर करून थांबवलं. परत वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे यासीनने काही केलं नव्हतं."
"नाही."
"तुला हे माहीत होतं?"
"बावीस नोव्हेंबरपासून."
"मी मागे बसले तेव्हा माहीत होतं."
"हो."
"दोन वर्षं मी त्याच्या समोरून मान फिरवून जातेय. तो सलाम करायचा रे. पहिले काही महिने तरी करायचा." मनगट चोळत होती. थंडीत दुखतं ते. "तेव्हाही तू असंच म्हणाला होतास. शंभर टक्के त्याचीच चूक."
"आता खरंच शंभर टक्के. नट टोपीपाशी आहे, रेघ ओढलीय, मी स्वतः..."
ती हसली. ते हसू लिहिता येणार नाही.
"वही आवर," म्हणाली. ट्यूब मात्र तिनेच उचलली आणि आत घेऊन गेली.

५ जानेवारी, सोम
बोलणं बेताचं. डब्यात दोन पोळ्या, भाजी, लोणचं. लोणचं होतं.

७ जानेवारी, बुध
माधवीने वहिनींना फोन करून बसच्या यादीत नाव घातलं. स्वयंपाकघरातून ऐकू आलं. "हो, एकच सीट." कारण दिलं नाही तिने. वहिनींना काही सांगितलं असतं तर सगळ्या मंडळात पसरलं असतं. नाही सांगितलं.
सांगून चूक केली का? टायर तोच, नट तोच, मी तोच. एकवीस तारखेला ज्या चाकावर ती टेकून बसली ते चाक चार तारखेला वाईट झालं नाही. हे तिला म्हणावंसं वाटतं. म्हटलं तर ती परत तशी हसेल.

११ जानेवारी, रवि
ती शाळेचे पेपर तपासून उठली, ट्यूबची पिशवी घेतली आणि खाली गेली. बाल्कनीतून पाहिलं. यासीनकडे. ती बाकावर बसली, तो उभा. मग तोही बसला. त्याने हातवारे करून काहीतरी दाखवलं, बहुतेक माझं चिल्लाणं, कारण ती हसली. हे हसू चांगलं होतं, वरूनही कळलं. वीस मिनिटं.
वर आली. पिशवी नव्हती हातात.
"काय म्हणाला?"
"तुला काय करायचंय?"

१३ जानेवारी, मंगळ
तिळाच्या वड्या थापताना, पाठमोरी असताना :
"उद्या आठला गाडी यासीनकडे घे. त्याला चाक बघू दे. नुसतं डोळ्यांनी नाही, हात लावून, पाना लावून. तो ठीक म्हणाला तर बसते. नाहीतर बस साडेआठची आहे."
"मी घातलेलं चाक त्याने तपासायचं?"
"हो."
"अगं, तो स्वतः म्हणालाय, रिमवर..."
"आणि तो बघत असताना त्याच्या मागे उभं राहून शिकवायचं नाही. बाकावर बसायचं."
वड्या मोजून डब्यात भरल्या. एक मला दिली. अजून गरम होती.

सुचलं होतं सांगावं, पानिपतचा रस्ता मी एकटाही जाऊ शकतो. दोन वर्षं गेलोच आहे.
हवा बघून आलो. २२. ३२.

१४ जानेवारी, बुध, सकाळी ८.१०
हे यासीनच्या बाकावर बसून. खिशातल्या छोट्या वहीत, नंतर उतरवीन.

धुकं आहे, पण समोरचा चौक दिसतो. बस तिथेच उभी, आतले दिवे लागलेले. मंडळाची माणसं चढतायत. जोशी वहिनींनी खिडकीतून हात केला. माधवी यासीनच्या शेजारी उभी, दोन्ही हेल्मेट तिच्या हातात, डबा खांद्याच्या पिशवीत. चड्ढाही आलेत खाली, शाल गुंडाळून, "मुआयना चल रहा है?" माधवीने त्यांना गप्प बसायची खूण केली. बसले.

यासीनने विचारलं, "हाथ लगाऊँ?" मला विचारलं, तिला नाही. मी म्हटलं, "लगाओ।"

एक्सलच्या नटाला पाना लावला. जोर दिला. हलला नाही. रेघ बघून म्हणाला, "ये क्या, मेकअप?" पण समजला, मान डोलावली. ब्रेकचा रॉड. चेन, दोन बोटांनी. हवा त्याच्या गेजवर ३१. थंडीत एक उतरते, हे सांगायला उठलो होतो. बसलो.

८.१९. व्हॉल्व्ह. टोपी काढली, नट बोटाने फिरवून पाहिला. थोडा वर, थोडा खाली, जसा होता तसा. टोपी लावली.

८.२४. बसचा ड्रायव्हर हॉर्न देतोय. वहिनी ओरडल्या, "माधवी, यायचंय ना?" तिने हात दाखवला, येते किंवा थांबा, दोन्हींपैकी काहीही असू शकतं. यासीनने चाक हाताने जोरात फिरवलं आणि कान जवळ नेला. मी इथून बघतोय. किंचितही डगमग नाही, सरळ रेषेत फिरतंय. हे चाक मी घातलंय. तो काय ऐकतोय कळत नाही. माधवी वाकून विचारतेय, "क्या भाई?"

त्याने एक बोट वर केलंय, थांबा म्हणून. चाक अजून फिरतंय.